पॅकिंग मारतो की!

उघडलेली कुठलीही वस्तू मला बंद करता येते, असं मी खिरीची वाटी हातात धरून तीस माणसांसमोर म्हणालो. त्यातली वीस घरचीच होती. परकी माणसं असलं बोलणं विसरून जातात. घरची मरेपर्यंत लक्षात ठेवतात!

निमित्त होतं अण्णाच्या वाढदिवसाचं. अण्णासो म्हणजे माझा थोरला भाऊ. तो फेब्रुवारीत गेला. रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठला नाही. सप्टेंबरात त्याचा वाढदिवस आला, तेव्हा मीनावहिनींनी त्याच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, आम्ही सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, खीर वाटली आणि मग दीप्तीनं विषय काढला. दीप्ती ही अण्णाची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरी करते. ती विषय काढते तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो.

"आईला मी पुण्याला नेणार. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून आणलाय. सही तेवढी राहिलीय."

वहिनी राधानगरी रोडला, कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर, एका शाळेत मुख्याध्यापिका आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळं क्लच दाबायला पाय उठत नाही. त्या चालवू शकतात ती एकच गाडी, अण्णाची.

आता या गाडीबद्दल सांगितलंच पाहिजे. अण्णानं आयुष्यात एकच उधळपट्टी केली. कुणा हौशी माणसाची जुनी जर्मन गाडी घेतली. काळी, बुटकी, आणि शून्यावरून शंभरवर सहा सेकंदात जाणारी! साने गुरुजी वसाहतीतून बाहेर पडून शंभरनं पळवायला मोकळा रस्ता मिळेपर्यंत पंधरा मिनिटं लागायची, ही गोष्ट वेगळी. पण गिअर आपोआप पडायचे. डाव्या पायाला काम नाही. अण्णानं वहिनींना त्याच गाडीवर शिकवलं, आणि आमच्या वसाहतीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या, की मुख्याध्यापिकाबाई शर्यतीच्या गाडीतून शाळेला निघाल्यात.

अण्णा गेल्यावर महिन्याभरात गाडीनं मान टाकली. पुईखडीच्या चढावर इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी जागची हलेना. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरमागं दोर बांधून वहिनींना घरी आणलं. कंपनीच्या माणसानं सांगितलं, आतल्या प्लेटा जळाल्यात, आख्खा गिअरबॉक्स बदला. त्याचा आकडा ऐकून दीप्ती म्हणाली, भंगारात घाला.

आणि त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, वहिनींना एकटं सोडायचं नाही. आम्ही म्हणजे सगळेच! माझी बायको निशा रात्री त्यांच्याकडं झोपायला. आमचं घर समोरच आहे. सकाळी मी शाळेत सोडायला. दुपारी शाळेतून आणायला पाळीनं कुणीतरी. संध्याकाळी शेजारच्या शालूबाई डबा घेऊन यायच्या, तो वहिनी संपवेपर्यंत समोर बसायच्या. निशानं तर कागदावर तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता. त्यात रविवारी दुपारी तीन ते चार एक चौकोन रिकामा होता, तोही पुढं शालूबाईंच्या सुनेनं भरला.

तर त्या दिवशी दीप्तीनं अर्ज टेबलावर ठेवला. वहिनींनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "गाडी सुरू झाली तर मी इथंच राहते. नाही झाली, तर सही करते."

तेवढ्यात खिरीची वाटी हातात घेतलेला मी म्हणालो ते वाक्य, जे तुम्ही वर वाचलंत.

"काका, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे तो," दीप्ती म्हणाली. "लाकडी कपाट नाही."

"अगं, मी साखर कारखान्याचा फिटर फोरमन हाय! मिलचा गिअरबॉक्स खोलतो तवा आत शिडी लावून उतरावं लागतंय. तुज्या बापाचा गिअरबॉक्स माज्या मांडीवर मावंल!"

"बरं," दीप्ती म्हणाली. "ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी येते मी. आईच्या बॅगा भरून ठेवा."

मी हे सगळं फुशारकी म्हणून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. होतीच फुशारकी. पण खरं सांगायचं तर अण्णा गेला त्या पहाटे मी मिलच्या खाली होतो. हंगाम जोरात होता. फोन लॉकरमध्ये. आठला पाळी सुटली तेव्हा वहिनींचे सतरा मिस्ड कॉल होते. सतरा. तेव्हापासून मला वहिनींसाठी काहीतरी करायचंच होतं, आणि गिअरबॉक्स खोलण्यापलीकडं मला काही येत नाही.

हंगाम सुरू व्हायला दीड-दोन महिने होते. मी वहिनींच्या पोर्चमध्ये प्लायवूड अंथरलं, गाडी जॅकवर घेतली, आणि दोन दिवसांत गिअरबॉक्स खाली उतरवला. एकेक भाग काढला, पुसला, ओळीनं मांडला, नंबर घातले, फोटो काढले. आता तुम्ही म्हणणार, एखादा भाग हरवला असेल, नाहीतर शेवटी दोन उरले असतील! इथंच तुम्ही चुकता. काहीही हरवलं नाही. काहीही उरलं नाही. सगळं जिथल्या तिथं होतं, आणि थोडं जास्तच होतं. तेच तर झालं!

त्याचं असं आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत पातळ गोल प्लेटांच्या चळती असतात. चळत दाबली गेली की तो गिअर लागतो, सैल सुटली की निघतो. आमच्यातल्या जळून काळ्या झाल्या होत्या. अस्तराच्या प्लेटा मी मुंबईहून मागवल्या. मधल्या पोलादी प्लेटा मात्र कुठंच मिळेनात. मग उद्यमनगरात ज्ञानूकडं गेलो. ज्ञानूचं लेथ आणि ग्राइंडिंगचं दुकान आहे, आणि ज्ञानू 'होत नाही' असं कधी म्हणत नाही.

नमुना हातात घेऊन त्यानं बोटानं चाचपला.

"फोरमन, लई पातळ हाय वो. जर्मन लोकं पत्रा वाचवत्यात व्हय?"

"आहे तेवढीच कर."

"करतो की! कुणाच्या गाडीची म्हनालासा?"

"अण्णाची. वहिनींसाठी."

ज्ञानूनं प्लेट खाली ठेवली. अण्णाची आणि त्याची दोस्ती पोरपणापासूनची. त्यानं डोळे पुसले, हाताचं काळं तोंडाला लागलं ते वेगळंच. "अण्णासोच्या घरच्या कामात मी हात आखडता घ्यीन व्हय? चार दिसांनी या."

चार दिवसांनी प्लेटा मिळाल्या. आरशासारख्या गुळगुळीत. मी मायक्रोमीटर लावला. प्रत्येक प्लेट ठरल्यापेक्षा दोन केसांएवढी जाड!

"ज्ञानू, जाड झाल्यात ह्या."

"झाल्यात न्हाय, केल्यात! झिजायला माल नको? आनि पैशाचं नावबी काढायचं न्हाय हं. जावा!"

आमच्याकडं हे असंच आहे. रस्सा मागितला तर दोन वाट्या वाढतात आणि तिसरी घेऊन उभे राहतात. मापात देणं म्हणजे माणूस नजरेतून उतरणं. मला तर ते बरंच वाटलं.

मग मी चळती बसवायला घेतल्या. वहिनी शाळेतून आल्या की पायरीवर बसून बघायच्या. शेजारी शालूबाई असायच्याच, डबा घेऊन. गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक वहिनींनी शाळेतल्या प्रिंटरवर छापून आणून दिलं होतं, दोनशे पानं. त्यांनी ते नीट शिवलं होतं, वर पुठ्ठा घातला होता, आणि पुठ्ठ्यावर अण्णाचं नाव लिहिलं होतं.

चळत बसली की वरच्या प्लेटेत आणि तिला अडवणाऱ्या कडीत थोडी फट राहते. पुस्तकात लिहिलं होतं, शून्य दशांश आठ ते एक दशांश दोन मिलिमीटर. मी पातं घालून मोजली. ज्ञानूच्या जाड प्लेटांमुळं अर्धीच राहिली होती. तीही माझ्या डोळ्यात खुपायला लागली.

मित्रांनो, कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला फट बघवत नाही. कारखान्यात फट म्हणजे ठोका. ठोका म्हणजे मोडतोड. मोडतोड म्हणजे मिल बंद, गेटावर बैलगाड्यांची रांग आणि चीफ इंजिनिअरच्या शिव्या! फट दिसली की माझा हात आपोआप खिशात जातो आणि पॅकिंगची चकती बाहेर काढतो. घरातली खाट हलली तर पॅकिंग. टेबल डुगडुगलं तर पॅकिंग. निशा म्हणते, मी लग्नातसुद्धा पाटाखाली पॅकिंग मारलं होतं. ते खरं आहे. पाट डुगडुगत होता.

"भावजी," वहिनींनी पायरीवरून विचारलं, "ही मोकळी जागा मुद्दाम का ठेवतात हो?"

"कंपनीची कंजुषी, वहिनी! दुसरं काय?"

"पण पुस्तकात लिहिलंय ना."

"पुस्तकात लिहिलंय की एवढी असली तरी चालंल. नसली तर उत्तमच की! थांबा, जरा पॅकिंग मारतो."

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. पण शालूबाईंनी डबा उघडला. "बोलत काय बसलासा मीनाताई, भाकरी गार हुतीया. खावा बगू आधी!" वहिनी खायला लागल्या.

मी एकूण सात चकत्या मारल्या. एकही चळत हलत नव्हती. अंगठ्यानं दाबून बघितली, ढिम्म! मला इतकं समाधान झालं की मी अण्णाच्या फोटोकडं बघून मान हलवली.

"अवं, शेवटी काय उरलं न्हाय न्हवं?" निशानं विचारलं.

"उरतंय कशाला? उलट सात नग जास्त गेल्यात आत!"

मग तेल. लाल रंगाचं असतं. पुस्तकात माप दिलेलं, पण गाडी सात महिने उपाशी. मी मापावर आणखी दीड लिटर घातलं. आता तुम्हीच सांगा, यात माझं मन वाईट होतं का?

तो रविवार उजाडला. दीप्ती सकाळी दहाला पुण्याहून आली. गाडी बाहेर रस्त्यावर लावली, आत आली, आईच्या दोन बॅगा पोर्चमध्ये आणून ठेवल्या आणि त्यावर अर्ज ठेवला, वर पेन. वहिनी नवी कोरी फिकट निळी साडी नेसून दारातल्या पायरीवर उभ्या होत्या.

बघायला सगळी गल्ली लोटलेली. ज्ञानू उद्यमनगरातनं चौघांना घेऊन आला होता. शालूबाई आख्खं घर घेऊन.

मी गाडीत बसलो. आधी मागं घेऊन बघायची, असं ठरवलं होतं. अपघात नको म्हणून मी हुकूम सोडला, "पोर्चमधी कुनी थांबायचं न्हाय! सगळी गेटाच्या भाईर! रस्त्यावर! वहिनी, तुम्ही पायरीवरच थांबा, वर."

तीस माणसं गेटाबाहेर जाऊन गाडीच्या तोंडासमोर उभी राहिली. मी चावी फिरवली. इंजिन असं काही गुरगुरलं, की ज्ञानूनं टाळ्या वाजवल्या. मला अण्णाच आठवला. तो पहिल्यांदा गाडी घेऊन आला तेव्हा असाच आवाज करून गल्लीत उभा राहिला होता, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, आधी दूध घेऊन या.

मी गिअरचा दांडा रिव्हर्सला टाकला.

गाडी थरथरली. मागं जाईना. नुसतीच कुथायला लागली. मला वाटलं, हँडब्रेक राहिला. नव्हता राहिला. मी जरा पेडल दाबलं. गाडी मागून खाली बसली, पुढून वर उठली, आणि तिथंच!

"काय झालं वो?" निशा ओरडली.

"काय न्हाय! सात म्हयनं झोपल्याली हाय, आळस देतीया!" मी खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं आणि दांडा न्यूट्रलला आणला.

न्यूट्रल म्हणजे गाडी उभी. सगळं जग मानतं तसं. आमची गाडी न्यूट्रलमध्ये पुढं निघाली!

मी खिडकीतून बाहेर बोलतोय आणि गाडी आपली वरातीच्या चालीनं गेटाकडं! समोर तीस माणसं. "सरका! सरका!" मी ओरडलो. कुणी सरकेना, सगळ्यांना वाटलं गाडी दुरुस्त झाली. टाळ्या! मी घाबरून स्टिअरिंग फिरवलं, ब्रेक दाबला, डावा आरसा गेटाच्या खांबावर मोडला, उजवं दार दुसऱ्या खांबाला जाऊन चिकटलं, आणि गाडी गेटात तिरकी अडकली. पुढचा अर्धा भाग रस्त्यावर, मागचा आत.

मी परत रिव्हर्स टाकला. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. खालून धूर यायला लागला. तो वरनं घातलेल्या दीड लिटर तेलाचा होता, फेस होऊन गरम सायलेन्सरवर सांडला होता.

"आग लागली! आग!" शालूबाई.

ज्ञानूनं गटारीच्या बाजूची बादली उचलून बॉनेटवर ओतली. धूर तिप्पट झाला. मग सगळे धावले. कोल्हापुरात गाडी अडकली की कुणाला बोलवावं लागत नाही! तीस माणसं बॉनेटला भिडली. "हय्या! जोर लावा! अजून!" गाडी इंचभर हलेना. चाकंच फिरेनात. पुढून लावलेला सगळा जोर आत माझ्या सात चकत्यांवर जाऊन थांबत होता. हे मला तेव्हा कळलं नाही. फक्त एवढं कळलं, की बॅगा पोर्चमध्ये आहेत, त्यावर अर्ज आहे, आणि मी हरलो.

माझी दोन्ही पुढची दारं खांबांना चिकटलेली. मागच्या सीटवर जाऊन मागच्या दारानं आत उतरता आलं असतं. मी तसं करायला वळलो, म्हणून आरशात बघितलं.

आरशात वहिनी दिसल्या. पायरीवर. एकट्या.

आजूबाजूला कुणीही नव्हतं. गेटात गाडी, कंपाउंडच्या भिंतीवर अण्णानंच लावलेल्या काचा. निशा बाहेर, शालूबाई बाहेर, दीप्ती बाहेर, मी मध्ये. वहिनींनी एकदा गेटाकडं बघितलं. मग मागं वळून मोकळ्या दाराकडं बघितलं. मग बॅगांवरचा अर्ज उचलला, खाली ठेवला, आणि पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या.

आठ महिन्यांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, बाई घट्ट आहेत. अहो, रडणार कधी? आम्ही समोर डबा उघडून बसलेलो!

"अगं बया! मीनाताई रडत्यात! एकट्याच हायत आत!" शालूबाईंनी गाडीच्या वरून बघितलं होतं. "कुनीतरी आत जावा की! ज्ञानू, चढ की गाडीवर!"

ज्ञानू बॉनेटवर एक पाय टाकून चढायला लागला. त्याच्या आधी दीप्ती चढली होती. ती गुडघ्यांवर होती, काचेला हात टेकून, आणि काचेतून, माझ्या डोक्यावरून, मागच्या काचेतून तिला आई दिसत होती.

माझा हात आपोआप खिशाकडं गेला. शपथ सांगतो, गेला! आणि खिशात उरलेली आठवी चकती हाताला लागली.

मी ती तशीच धरून बसलो. दुसरा हात काचेवर आपटला आणि ओरडलो, "कुनी चढायचं न्हाय! ज्ञानू, उतर खाली! दीप्ती, थांब!"

"काका, आई रडतीय!"

"रडू दे की तिला!"

मी दीप्तीवर कधी ओरडलो नव्हतो. मग काय झालं कुणास ठाऊक, ती वळली आणि आईकडं पाठ करून बॉनेटवर बसली. दोन्ही हात पसरून. ज्ञानू एका बाजूनं जाऊ बघत होता, त्याला तिनं मागं लोटलं.

मी सीटवर खाली सरकलो, म्हणजे वहिनींना माझं डोकं दिसू नये. पण ऐकू येत होतं. त्या अण्णाला शिव्या देत होत्या. साध्याच, बायका देतात तशा. असा न सांगता गेलास म्हणून. मलाही रडू आलं. मी गाडीत आडवा पडून रडलो, आणि बाहेर तीस माणसांना वाटलं, फोरमनला धूर लागला.

खूप वेळ गेला. मग आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला, कपबशीचा आला. वहिनी चहाचा एक कप घेऊन बाहेर आल्या. एकच. पायरीवर बसून पूर्ण प्यायल्या, कुणी 'अजून घ्या' म्हणालं नाही. मग उठून, ते शिवलेलं पुस्तक काखेत घेऊन, गाडीच्या मागच्या दाराशी आल्या.

"भावजी, उठा. मला माहितीय तुम्ही आत आहात."

मी उठून बसलो. डोळे पुसले.

त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. मुख्याध्यापिका त्या! लाल पेननं एका आकड्याखाली रेघ मारलेली होती.

"इथं दोन आकडे आहेत. जास्तीत जास्त किती, ते तुम्ही वाचलंत. पण कमीत कमी किती, तेही लिहिलंय. शून्य दशांश आठ. तेवढी जागा ठेवलीच पाहिजे, नाहीतर चाक फिरणार कसं?"

"तुमास्नी कधी कळलं?"

"पंधरा दिवसांपूर्वी. सांगणार होते. पण तुम्ही इतक्या प्रेमानं करत होतात, आणि शालूताईंनी डबा उघडला." "सगळेच प्रेमानं करता, भावजी. मला ते कळतं. पण आठ महिन्यांत आज पहिल्यांदा मी माझ्या घरात एकटी बसले."

मी मान खाली घातली. तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, आणि आकडा अर्धाच वाचलेला!

दीप्तीनं बॉनेटवरूनच विचारलं, "आई, मग किती दिवस लागतील काकांना हे परत खोलायला?"

"लागू देत," वहिनी म्हणाल्या. "अर्ज घेऊन जा तू. सही नाही करत मी."

"गाडी चालत नाहीये, आई!"

"पण कशामुळं चालत नाही ते कळलंय ना आता."

दीप्ती दुसऱ्या दिवशी एकटीच पुण्याला गेली. जाताना मला म्हणाली, "काका, कमीत कमी वाचा हं." मी तीन आठवडे तेच वाचत होतो. सात चकत्या काढल्या. तेल मापून घातलं. ज्ञानूकडं प्लेटा घेऊन गेलो तर तो दुकानात हातावर हात ठेवून बसला. "कमी करायच्या? फोरमन, आमच्या दुकानात वाढवून मिळतंय. कमी करून द्यायचं म्हंजे मला लाज वाटती!" शेवटी त्यानं दार लावून घेतलं आणि गुपचूप घासून दिल्या. निशानं फ्रिजवरचा तक्ता काढला. शालूबाई डबा दारातच देऊन जायला लागल्या, पण पायरी उतरताना चारदा मागं वळून बघायच्या. आणि कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या सोमवारी गाडी तयार झाली.

पहिल्या फेरीला मी शेजारी बसलो. अर्थातच! मेकॅनिक नको का बरोबर? वहिनींनी दांडा टाकला आणि गाडी मागं आली, थांबली, पुढं निघाली. एकही आचका नाही. क्रशर चौक गेला. मी कान लावून बसलो होतो. पुईखडीचा चढ आला, जिथं ती मान टाकून बसली होती. गिअर बदलला, तो मला कळलासुद्धा नाही.

चढ संपल्यावर वहिनींनी गाडी डावीकडं घेऊन थांबवली.

"उतरा, भावजी."

"का? आवाज येतोय का कुठनं?"

"काहीही आवाज येत नाही. म्हणून तर म्हणते, उतरा. इथून पुढं मी जाते."

"पण वहिनी, पहिलाच दिवस—"

"शाळेत पोचले की फोन करते."

मी उतरलो. दार हळू लावलं. गाडी निघाली, मग अण्णा चालवायचा तशी एकदम लांब गेली, आणि वळणावर दिसेनाशी झाली. मी उगाच हात केला. वहिनींनी फोन केला, तो बरोबर पंचवीस मिनिटांनी, एकदाच. मी पहिल्या रिंगला उचलला.

त्याआधी निशाचा आला होता. "अवं, गाडी कशी चालली?"

"झकास! लोण्यागत! शंभर नंबरी काम केलंय मी!"

"मग तुमच्या मागं ट्रकचा आवाज का येतोय? हायसा कुटं तुमी?"

"स्टॉपवर," मी म्हणालो.

केएमटीची बस पाऊण तासानं आली. मी चढलो आणि दारापाशीच दांड्याला धरून उभा राहिलो. माझ्या पुढं दोन माणसं उभी राहतील एवढी जागा मोकळी होती.

"ओ पावणं," कंडक्टर ओरडला, "फुडं सरका की! मधी जागा हाय न्हवं!"

"असू दे की तेवढी," मी म्हणालो.